१६ एमएमची स्लिंग किती उचलते?

माझा पुतण्या रांजणगावला एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर म्हणून लागला. तिसऱ्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत त्याचा फोन आला, "काका, १६ एमएमची वायररोप स्लिंग किती उचलते?" मी विचारलं, "कशी लावणार आहेस?" तर म्हणतो, "लावायची कशी म्हणजे? हुकाला." (स्लिंग म्हणजे जड वस्तू क्रेनच्या हुकाला टांगायचा दोर, इथे तारेचा.)

माझं सगळं आयुष्य भोसरी आणि चाकणच्या शेडमध्ये मशिनं आणि डाय (प्रेसमधले जड साचे) हलवण्यात गेलं. आधी हेल्पर, मग खलाशी (जड सामान हलवणाऱ्या) गँगमध्ये, शेवटी रिगिंग फोरमन. हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेलाय आणि दर वेळी तो अर्धाच असतो. स्लिंगला एकच एक क्षमता नसते. एका पायाच्या स्लिंगच्या (हुकापासून वजनापर्यंतचा एक पदर म्हणजे एक पाय) टॅगवर छापलेला आकडा तो पाय सरळ उभा असतानाचा असतो. तीच स्लिंग तिरकी लावली, फास टाकला, धारेवर वळवली की तो आकडा बदलतो. म्हणून पुतण्याला जे टप्प्याटप्प्याने फोनवर सांगितलं, तेच इथे लिहितोय.

आधी रोपची ओळख करून घ्या. ६×३६ म्हणजे सहा पेड आणि एकेका पेडात ३६ तारा. मधला गाभा तागासारख्या दोरीचा असतो नाहीतर स्टीलचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून टेस्ट सर्टिफिकेट बघायचं. १६ एमएम, स्टील कोअर, १७७० ग्रेडची (तारेच्या ताकदीचा दर्जा) रोप साधारण १६१ किलोन्यूटनला, म्हणजे १६.४ टनांना तुटते. टोकाला फेरूल (धातूची नळी) दाबून डोळा बनवला की त्यातले १० टक्के वजा करायचे, आणि उरलेल्याला ५ ने भागायचं. उत्तर येतं ३ टनांच्या आसपास. हीच तिची एका सरळ पायाची सुरक्षित क्षमता. दोरीचा गाभा असेल तर २.७ टन.

स्टील कोअरचे बाकीचे आकडे असे: १० एमएमला १.१५ टन, १२ ला १.७, १८ ला ३.७, २० ला ४.६, २४ ला ६.७.

कागद हाताशी नसेल तेव्हा एक जुना ठोकताळा आहे. एमएममधल्या जाडीचा वर्ग करा आणि ८ ने गुणा, उत्तर किलोत येतं. १६ गुणिले १६ गुणिले ८ म्हणजे २०४८ किलो, धरा २ टन. २० एमएमला ३२०० किलो. तक्त्यापेक्षा हे चौथाई ते तिसरा हिस्सा कमी आहे आणि ते तसंच असू द्या. हा हिशेब कोणती स्लिंग काढायची ते ठरवण्यापुरताच. टॅग नसलेली स्लिंग ठोकताळ्याच्या भरवशावर वापरायची नाही, ती बाजूला काढायची.

आणि तो जो ५ चा भागाकार आहे ना, त्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. "तुटते १६ ला, आपण उचलतोय ४ टन, काय होतंय?" असं म्हणणारे हुशार प्रत्येक शेडमध्ये दोन तरी सापडतात. क्रेनचा ब्रेक लागताना बसणारा झटका, झिजलेल्या तारा, वजनाचा चुकलेला अंदाज हे सगळं त्या ५ मध्येच भरायचं असतं. तो कुणाच्या खर्चाचा पैसा नाही.

आता वजन. "साधारण तीनेक टन असेल" हे वाक्य मी माझ्या गँगमध्ये बंद केलं होतं. टेप काढा. स्टीलची प्लेट असेल तर एक चौरस मीटरला दर एमएम जाडीमागे ७.८५ किलो. गोल बारला एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते मिळतं. २०० एमएमचा बार मीटरला २४७ किलो भरतो. काँक्रीट घनमीटरला अडीच टन धरा. पुतण्याला उचलायची होती ती डाय १.२ मीटर लांब, ०.९ रुंद, ०.६ उंच होती. गुणाकार ०.६४८ घनमीटर, गुणिले ७.८५, म्हणजे ५.०९ टन. डायला आत पोकळ्या आणि रिब असतात, खरं वजन कमीच भरेल, पण मी ती भरीवच धरतो. चूक व्हायचीच असेल तर या बाजूला होऊ दे.

खरा घोळ कोनात आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

घरात कपडे वाळत घालायची दोरी बघा. ढिली बांधलीत तर ओली गोधडी टाकली तरी खिळे जागचे हलत नाहीत. तीच दोरी ताणून आडवी बांधा आणि तीच गोधडी टाका, खिळा प्लॅस्टर घेऊन बाहेर येतो. गोधडीचं वजन तेवढंच आहे. स्लिंगचे पाय जितके फाकतील तितका हाच खेळ होतो.

एक टन वजन दोन पायांवर घेतलं तर पाय सरळ उभे असताना एकेका पायात ५०० किलो ताण येतो. दोन पायांमधला कोन ६० अंश झाला की ५७७ किलो. ९० ला ७०७. १२० अंशाला एकेका पायात पूर्ण १००० किलो, म्हणजे दुसरा पाय लावून काहीच फायदा नाही. १५० ला १९३२ किलो, जवळजवळ दोन टन, आणि उचलताय फक्त एक टन.

म्हणून दोन पायांच्या स्लिंगला मधला कोन ९० पर्यंत असेल तर एका पायाच्या क्षमतेच्या १.४ पट धरायची. ९० ते १२० मध्ये फक्त १ पट. १२० च्या पुढे उचलायचंच नाही. तक्ता वाचताना मात्र कोन कुठून मोजलाय ते आधी बघा. कुणी दोन पायांमधला देतो, कुणी उभ्या रेषेपासून, कुणी जमिनीपासून. पायांमधला ६० आणि जमिनीपासूनचा ६० हे एकच, पण उभ्या रेषेपासूनचा ६० म्हणजे पायांमधला १२०. "साहेब, ६० अंशच आहे" म्हणत लोकांनी जवळजवळ दुप्पट ताण घेतलेला मी पाहिलाय.

कोनमापक घेऊन कोण फिरतो? टेप मात्र प्रत्येकाच्या खिशात असतो. स्लिंग जिथे लागतात त्या दोन टोकांमधलं अंतर मोजा आणि त्याला एका पायाच्या लांबीने भागा. उत्तर १ आलं तर कोन ६०, छान. १.४१ आलं तर ९०, ही माझी हद्द. १.७३ आलं तर १२०, तिथे काम थांबवा. अचूक ताण हवा असेल तर पायाची लांबी भागिले हुकापासून जॉबच्या (उचलायच्या वस्तूच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची, आणि त्याला अर्ध्या वजनाने गुणा. एवढंच गणित आहे. खडूने जमिनीवर होतं.

एक प्रसंग सांगतो. मी तेव्हा हेल्परच होतो. एका वर्कशॉपात मशिनचा कास्ट बेड हलवायचा होता, २.४ टनांचा. शेड बुटकी, हुकाला हाइट मिळत नव्हती, म्हणून आखूड स्लिंग घेतल्या. १२ एमएमच्या दोन. पाय इतके फाकले की मधला कोन १४० च्या घरात गेला असेल. म्हणजे एकेका पायात साडेतीन टन. टॅगवर १.७. पण नवी १२ एमएमची रोप तुटायला नऊ टन लागतात, मग ती साडेतीनला का गेली? बेडची कड ताजी मशिनिंग केलेली होती, हात फिरवला तर बोट कापेल अशी. रोप थेट त्या कडेवर होती आणि पॅकिंग कुणी लावलं नव्हतं. बेड जमिनीपासून वीतभर वर आला आणि आवाज झाला. बंदुकीसारखा नाही, पत्र्यावर कुणी बादली आपटावी तसा. बेडचा कोपरा उडाला, फरशीत खड्डा पडला. माणूस कुणी लागला नाही, कारण आमचा खलाशी मुकादम कडक होता, उचलताना सगळ्यांना पाच पावलं मागे घ्यायचा.

नंतर त्याने ते तुटलेलं टोक मला हातात धरून दाखवलं. बाहेरच्या बऱ्याच तारा एका पातळीत चपट्या कापलेल्या होत्या, चाकूने कांद्याची पात कापावी तशा. आतल्या तारांची टोकं मात्र बारीक झालेली, ओढून लांबवलेल्या गुळाच्या पाकासारखी. "ह्या कडेनं कापल्या," तो चपट्या तारांवर बोट ठेवून म्हणाला, "आणि ह्या बिचाऱ्या एकट्या पडल्या म्हणून ताणून तुटल्या." तेव्हापासून तुटलेली रोप दिसली की मी आधी तारांची टोकं बघतो.

तेव्हा कडेवर पॅकिंग हवंच. जुन्या टायरचा तुकडा, उभा कापलेला पाइप, काहीही चालेल, पण रोपला गोलाई मिळाली पाहिजे. रोप स्वतःच्याच जाडीएवढ्या गोलाईवर वळली तर तिची ताकद निम्म्यावर येते. धारेवर तर विचारूच नका.

फास टाकून उचललं, म्हणजे चोकर लावला, की सरळ क्षमतेच्या ८० टक्केच धरा. फास हातोड्याने ठोकून खाली बसवायची सवय असते ना, ती सोडा. फास स्वतः जिथे बसतो तिथेच बरा, ठोकून खाली दाबला की तिथे रोप जास्त तीव्र वळते. झोळी करून, म्हणजे रोप जॉबखालून घेऊन दोन्ही टोकं हुकात घालून उचललं तर दुप्पट मिळते, पण दोन्ही बाजू सरळ उभ्या असतील आणि खालची गोलाई मोठी असेल तरच. झोळीत गुळगुळीत पाइप घेतलात तर तो सरकतो. लांब पाइपांना दोन टोकांना दोन फास घ्या.

चार पायांच्या स्लिंगबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. पुस्तकातला नियम ९० अंशापर्यंत एका पायाच्या २.१ पट सांगतो, म्हणजे चारातले तीनच पाय काम करतात असं धरलेलं असतं. पण कडक, न वाकणारा जॉब असेल आणि एक पाय दहा एमएमने जरी लांब असेल, तर समोरासमोरचे दोनच पाय सगळं वजन घेतात आणि उरलेले दोन नुसते तोल सांभाळतात. उचलताना पायांना हात लावून बघा, ढिले पाय लगेच कळतात (हे जॉब जमिनीला टेकलेला असतानाच, ताण यायला लागला की हात बाहेर). म्हणून डाय किंवा मशिन बेडसाठी मी दोन पायांचाच हिशेब करतो, १.४ पट.

स्लिंग बघायची कशी ते आता. दर वेळी वापरण्याआधी बघायची, महिन्यातून एकदा रजिस्टरात नोंद करून बघायची. वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी, हे जुन्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ पासून आम्हाला घोकून घोकून पाठ झालेलं. पण वर्षाच्या तपासणीने मंगळवारी सकाळी पडलेली गाठ दिसत नाही.

चामड्याचे हातमोजे घाला. कॉटन वेस्टचा (पुसायच्या सुती धाग्यांचा) बोळा घेऊन रोपवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. जिथे धागा अडकेल तिथे तुटलेली तार आहे. उघड्या हाताने हे केलंत तर तार तळहातात घुसते आणि आठवडाभर ठसठसते, अनुभवाने सांगतोय. मग अडकलेल्या जागी रोप जरा वाकवा, लपलेल्या तुटक्या तारा वर येतात. आता खडूने रोपच्या जाडीच्या ६ पट लांबी आखा. १६ एमएमला ९६ एमएम, म्हणजे चार बोटांहून थोडं जास्त. त्यात बाहेरच्या ६ तारा तुटलेल्या असतील तर स्लिंग बाद. ३० पट लांबीत, म्हणजे ४८० एमएममध्ये, १४ असतील तरी बाद. आणि एकाच पेडात शेजारी शेजारी ३ तुटलेल्या दिसल्या तरी बाद, कारण ते झिजणं नाही, तिथे काहीतरी लागलंय.

जाडी मोजताना व्हर्नियरचे जबडे पेडांच्या माथ्यावर बसवा, दोन पेडांमधल्या खाचेत नाही. खाचेत मोजलं तर चांगली रोपही बारीक दिसते आणि स्टोअरकीपर विनाकारण भांडतो. मूळ जाडीपेक्षा १० टक्के कमी झाली, १६ ची १४.४ वर आली, की काढून टाका. गाठ पडून पीळ मोडलेला, पेड पिंजऱ्यासारखे फुगलेले, रोप चपटी झालेली, वेल्डिंगचा ठिपका पडलेला किंवा तापून निळी पडलेली असेल, तर मोजत बसू नका. फेरूलला तडा आहे का, फेरूलमधून रोप सरकलेली आहे का, ते बघा. नवी स्लिंग आली की फेरूलच्या तोंडाशी रोपवर रंगाची एक रेघ मारून ठेवा. रेघ पुढे आली की समजलं. हुकाचं तोंड किती आहे तेही नवं असतानाच मोजून लिहून ठेवा, ५ टक्क्यांहून जास्त उघडलं की बाद.

टोकाच्या डोळ्याला आमच्याकडे "आय"च म्हणतात आणि त्यावरून शेडमध्ये चालणारे विनोद इथे लिहिण्यासारखे नाहीत. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की आय ज्या हुकात किंवा पिनेत घालाल त्याची रुंदी आयच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त नको. नाहीतर आय फाकते आणि फेरूलवर ताण येतो. फोर्जिंग किंवा गरम कास्टिंगच्या जवळ काम असेल तर अ‍ॅल्युमिनियम फेरूलची दोरी-गाभ्याची स्लिंग १०० अंश सेल्सियसच्या वर न्यायची नाही, स्टील कोअरची १५० च्या वर नाही.

बाद स्लिंग भंगाराच्या ढिगात अख्खी टाकू नका. रात्रपाळीचा कुणीतरी ती परत काढतो, मी पकडलेत असे. गॅसकटरने दोन्ही आय कापा, टॅग काढून रजिस्टरला लावा.

क्लॅम्प लावून केलेली घरगुती स्लिंग? उचलायच्या कामाला नको. दुसरीकडे कुठे, गाय वायर (खांब ताणून धरणारी तार) वगैरेला क्लॅम्प लावायचेच असतील तर क्लॅम्पचं बूड भार घेणाऱ्या बाजूला आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकाच्या बाजूला. भार आल्यावर नट पुन्हा आवळायचे.

शॅकल (पिनेची कडी), आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट), मास्टर लिंक (सगळे पाय जोडणारी वरची कडी) यांच्या स्वतःच्या क्षमता असतात आणि सगळ्यात कमजोर जो, तोच खरा. आयबोल्टकडे तर कुणी बघतच नाही. एम२० चा साधा डीआयएन ५८० (जर्मन मानकाचा) आयबोल्ट सरळ ओढला तर १२०० किलो, ४५ अंशात ओढला तर ८६० च. पाच टनांच्या डायवर असे चार बसवलेले मी पाहिलेत, वर नवीकोरी २० एमएमची स्लिंग.

उचलताना हुक आधी वजनाच्या मध्यावर आणा, मग ताण द्या. जॉब १५०-२०० एमएम उचला आणि थांबवा. एका बाजूला कलला तर खाली घ्या, लांबी बदला, पुन्हा. कललेल्या जॉबवर वजन म्हणून माणूस उभा करायचा नाही, हे लिहायची वेळ येऊ नये पण येते. ऑपरेटरला इशारा एकाच माणसाचा. आमच्याकडे अजून "हबेस" म्हणजे वर आणि "आरिया" म्हणजे खाली चालतं, हे शब्द गोदीतल्या खलाशांकडून आलेत. नवी पोरं "अप", "डाऊन" म्हणतात. काहीही म्हणा, पण म्हणणारा एकच असू दे. "थांब" मात्र कुणीही ओरडला तरी क्रेन थांबलीच पाहिजे.

तर पुतण्याकडे परत येतो. त्याच्याकडे चार पायांची १६ एमएम, स्टील कोअर स्लिंग होती, पाय एक मीटरचे. हे सगळं ऐकून संध्याकाळी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर डायचा फोटो पाठवला, टेप लावून. "काका, दोन टोकांत १.२ मीटर आहे, पाय १ मीटर. म्हणजे १.२ आलं. १.४१ च्या आत आहे. उचलू ना?"

फोटो मोठा करून बघितला. टेप डायच्या लांब बाजूने धरला होता. चार पायांना बाजू मोजून चालत नाही, कर्ण मोजायचा. कारण भार घेणारे दोन पाय समोरासमोरच्या कोपऱ्यांतले असतात. १.२ आणि ०.९ चा कर्ण बरोबर १.५ मीटर. भागिले १, म्हणजे १.५. कोन ९० च्या पुढे गेला. हुकाची उंची निघते ०.६६ मीटर, म्हणजे दोन पायांवर धरलं तर एकेका पायात ३.८५ टन, आणि स्लिंग ३ टनांची.

त्याला सांगितलं, पाय दीड मीटरचे घे. मग कर्ण भागिले पाय बरोबर १ येतं, कोन ६०, ताण २.९४ टन. १६ एमएम कागदावर पास होते, पण अगदी काठावर. स्टोअरमध्ये २० एमएमची आहे का विचार.

"आहे," तो म्हणाला, "पण ती दोन मीटरची आहे. हाइट बसेल का बघतो." आणि टेप घेऊन परत गेला.